घडीच्या मागे

मोठ्या आईने उपासाला कधी पाठ दाखवली नाही. सोमवार, एकादशी, हरतालिका, शिवरात्र. आणि श्रावणातला शेवटचा सोमवार तर निर्जळी. त्या दिवशी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन रात्रभर चाललेल्या कावडी अकोल्याच्या राजराजेश्वराच्या दारात येईपर्यंत ती ओठही ओला करत नाही. त्यामुळे सीटी स्कॅनच्या आधी पाळायच्या पथ्याचा कागद मी वाचायला घेतला तेव्हा ती सवयीने मांडी घालून, पदर सावरून बसली. ज्वारीची भाकरी बंद. अंबाडी, मेथी, चवळीच्या शेंगा बंद. जवसाची चटणी बंद, तीळ बंद, साल आणि बी असलेलं सगळंच बंद. मऊ भात, गाळलेलं ताक, उकडलेला बटाटा चालेल. साबुदाणा चालेल, पण शेंगदाण्याचा कूट नको.

"कुटाबिगर साबुदाणा?" तिने विचारलं. "त्याले उपास म्हणतेत काय वं?"

शेवटच्या दिवशी नुसतं पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, वरणाचं वरचं पाणी. संध्याकाळपासून जुलाबाची पावडर पाण्यात कालवून पेल्यामागे पेला. शिवाय एका लहान बाटलीतलं आयोडीनचं औषध, तेही पाण्यातूनच. त्याचं काम निराळं. आतडं कितीही धुतलं तरी थोडा मळ, थोडं पाणी मागे राहतंच; हे औषध त्या उरलेल्यात मिसळतं आणि सीटीच्या पडद्यावर ते सगळं पांढरंफटक दिसतं. जे निघणारच नाही त्याला निदान खूण करून ठेवायची. ही युक्ती मला फार आवडली. शंभर टक्के सफाईचा हट्ट धरण्यापेक्षा हे बरं, असं मी म्हटलं, तर मोठी आई म्हणाली की हे सांगणारीने आधी स्वतःचं माळ्यावरचं सामान बघावं.

गेल्या उन्हाळ्यात ती जिन्याच्या मधल्या पायरीवर बसायला लागली होती. अकोल्याच्या उन्हाळ्यात कोणीही कुठेही बसतं, म्हणून आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढे रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन सातावर आलेलं. जठराची दुर्बीण झाली, व्रण सापडला. गुडघ्यांसाठी ती वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणत असलेल्या गोळ्यांची ती करणी. कारण मिळालं, औषध सुरू झालं. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी रक्त कमी झालं की वरचं एक कारण सापडलं म्हणून डॉक्टर थांबत नाहीत, खालचं मोठं आतडंही बघून घेतात. म्हणून दुसरी दुर्बीण, खालची. ती डावीकडच्या वळणापर्यंत गेली आणि अडली. मोठ्या आईची गर्भपिशवी चाळिशीतच काढलेली. आमच्या भागात त्या पिढीतल्या किती बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या आणि त्यातल्या किती खरोखर काढायच्या होत्या, हा वेगळा लिहिण्याचा विषय आहे. तसल्या जुन्या ऑपरेशनचे चिकटे पोटात राहिले की आतड्याची वळणं जखडतात, दुर्बीण पुढे सरकत नाही, ओढ बसते आणि जीव कासावीस होतो. डॉक्टर तिथेच थांबले ते शहाणपणाचं झालं. मोठ्या आईने मात्र घरी आल्याआल्या जाहीर केलं की राजेश्वर स्वतः सांगायला आला तरी ती त्या टेबलावर पुन्हा चढायची नाही.

"जे झाकेल हाय ते झाकेलच राहू द्याव."

या म्हणण्याला तिच्याकडे पुरावा आहे, तोही घरापासून चार पावलांवरचा. अकोलसिंह राजाची राणी मध्यरात्री एकटीच याच राजराजेश्वराच्या देवळात जायची. राजाला संशय आला. तो तलवार घेऊन तिच्या मागोमाग निघाला. राणीला ते कळलं, तिने देवाचा धावा केला, पिंड दुभंगली आणि राणी आत गेली. पिंडीला भेग आहे ती तेव्हाची, असं जुन्या शहरात लहानपणापासून ऐकवतात. (आज पडका उभा आहे तो असदगड किल्ला औरंगजेबाच्या काळातला, असदखानाचा, 1697चा; गोष्टीतल्या राजाशी त्याचा मेळ बसत नाही. पण सनावळी घेऊन मोठ्या आईपुढे जाण्याइतकी मी धीट नाही.) तिच्या लेखी गोष्टीचा अर्थ सरळ आहे: मागे लागून बघायला गेलं की भेग पडते.

मला त्या गोष्टीहून जवळची दुसरी एक गोष्ट आठवत होती, आणि तिलाही तीच आठवत असणार. ती आम्ही दोघींनी काढली नाही.

मोठ्या आईचे यजमान, मोठे बाबा, सावतराम मिलमध्ये होते. बोलायला मोकळे, हसायला मोठे, पण शरीराच्या काही भागांविषयी त्यांच्या पिढीतल्या सगळ्याच पुरुषांना तोंड नव्हतं. रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी ते घरात सांगितलं नाही. मोठ्या आईला ते धुण्याच्या कपड्यांवरून कळलं. मग नाव ठरलं: मूळव्याध. अकोल्यात बसस्टँडवरून निघून डाबकी रोडला लागेपर्यंत भिंतीभिंतीवर, विजेच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर हे नाव रंगवलेलं असतं, सोबत भगंदर आणि फिशर, आणि खाली 'विनाऑपरेशन'. इतक्या उघड्यावर लिहिलेला आणि इतका झाकून ठेवलेला दुसरा आजार नाही. मूळव्याध म्हटलं की समोरचा माणूस मान हलवतो, ताक प्यायला सांगतो आणि विषय बदलतो. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. मोठ्या बाबांनाही कोणी विचारला नाही. चूर्ण झालं, कुठला तरी पाला झाला, तिखट सुटलं, आणि वर्ष सरलं. पोट फुगून, उलट्या होऊन त्यांना रात्री उचलून न्यावं लागलं तेव्हा आतडं जवळजवळ बंद झालेलं होतं.

त्यानंतरचं आयुष्य अंबा एक्स्प्रेसने येणं-जाणं. रात्री अकोल्याला गाडीत बसायचं, सकाळी मुंबई, आणि टाटा रुग्णालयाच्या रांगा. राहायला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली जन्मलेल्या, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन गावोगाव फिरलेल्या बाबांनी देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. वऱ्हाडातला माणूस मुंबईत कॅन्सरचा कागद घेऊन उतरला की त्याला हे नाव आपल्या घरचं वाटतं. तुकडोजी महाराजही 1968 साली कॅन्सरनेच गेले, आणि नागपूरचं कॅन्सर रुग्णालय त्यांच्या नावाने उभं आहे. आमच्याकडे संत असे दवाखान्याच्या पाटीवरही भेटत राहतात. मोठी आई त्या धर्मशाळेच्या गॅलरीत बसून इतर बायकांकडून सगळं शिकली: केमो, स्टोमा, पोटावरची पिशवी कशी बदलायची. घरी परत आल्यावर त्यातला एकही शब्द तिने बोळात उच्चारला नाही. मोठे बाबा गेले तेव्हा शेजारपाजारी 'पोटाचं होतं' एवढंच गेलं.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चाल फार सावकाश असते, हे मला नंतर वाचनातून कळलं, आणि ते कळल्यावर बरं वाटलं नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. कधी देठावर डोलणारा, कधी बूड टेकून बसलेला, कधी इतका चपटा की अस्तरापासून वेगळा काढणं कठीण. बहुतेक कोंब जन्मभर तसेच राहतात, कुणाला त्रास देत नाहीत. थोडे वाढतात, आणि त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो. त्याला साधारण दहा वर्षं लागतात. दहा वर्षं! म्हणजे मोठे बाबा मिलच्या भोंग्याबरोबर सायकल काढत होते, पोळ्याला बैलांपुढे नाचत होते, माझ्या लग्नात पंगतीला जिलबी वाढत होते, त्या सगळ्या काळात तो कोंब आत होता. कोंब असतानाच कापला तर पुढचं काही होत नाही. 1969 साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या दोन डॉक्टरांनी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून, पोट न फाडता तो कापता येतो हे दाखवलं, आणि तेव्हापासून हा एक असा कॅन्सर झाला की जो होण्याआधीच पकडता येतो. आपल्याकडे तो पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी होतो. सरकारी तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख एवढंच येतं, ते आपल्या आजारांच्या प्रमाणाला धरूनच आहे. पण ज्यांना होतो ते उशिरा येतात, आणि का उशिरा येतात ते आमच्या घराला ठाऊक आहे.

दुर्बीण नको म्हणणाऱ्या माणसाच्या आतड्यात कसं बघायचं, याचं उत्तर ज्या यंत्राने दिलं ते आलं ग्रामोफोनवाल्यांच्या घरातून. मोठ्या बाबांकडे एक रेकॉर्ड प्लेअर होता, त्याच्या तबकड्यांवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. हिज मास्टर्स व्हॉइस. ती मूळ कंपनी 1931 साली ज्या ईएमआयमध्ये विलीन झाली, तिथे गॉडफ्रे हाउन्सफील्ड नावाचा एक इंजिनिअर होता. त्याच्या डोक्यात आलं की बंद पेटीत काय आहे ते पेटी न उघडता, सगळ्या बाजूंनी किरण सोडून, आकडेमोड करून सांगता यायला हवं. प्रयोगशाळेतल्या त्याच्या पहिल्या यंत्राला एका नमुन्याचं मोजमाप घ्यायला नऊ दिवस लागले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये एका बाईच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला आणि आतली गाठ दिसली. 1979 साली त्याला आणि अ‍ॅलन कॉर्मॅकला मिळून नोबेल मिळालं. मग यंत्रं वेगवान झाली, श्वास रोखला आहे तेवढ्यात अख्खं पोट टिपू लागली. 1994 साली डेव्हिड व्हायनिंग या अमेरिकी रेडिओलॉजिस्टने या चकत्या जोडून मोठ्या आतड्याच्या आतून उडत जाण्याची फिल्म बनवली आणि हवाईमधल्या एका परिषदेत दाखवली. पार्श्वसंगीत म्हणून वॅग्नरच्या ऑपेरातली घोडदौड लावली होती, असं सांगतात. आतड्याला इतकी दणदणीत वाजंत्री त्याआधी कधी मिळाली नसेल.

या तपासणीला सीटी कोलोनोग्राफी म्हणतात. तिचा सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण बराक ओबामा. बुश अध्यक्ष असताना 2002 साली आणि पुन्हा 2007 साली दुर्बिणीच्या तपासणीसाठी त्यांना गुंगी द्यावी लागली, म्हणून तेवढ्या वेळापुरते अध्यक्षांचे अधिकार उपाध्यक्ष चेनींकडे सोपवावे लागले. ओबामांनी 2010 साली सीटीचा मार्ग घेतला. यात गुंगी नाही, त्यामुळे अधिकार कुणाला द्यायचे हा प्रश्नच नाही. मी हे मोठ्या आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा कान दिला. ओबामा तिला टीव्हीवरून माहीत होता. "त्यानं केलं काय? मंग पाह्यतो," ती म्हणाली, आणि होकार म्हणून तेवढं पुरे होतं.

तयारीची रात्र मात्र कुणाच्याच लक्षात राहू नये अशी. आमच्या वाड्यात संडास अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला, मध्ये तुळशीचा कट्टा, हातपंप आणि दोन पायऱ्या, त्यातली एक निखळलेली. सुनेने पावडरचं पाणी पातेल्यात करून त्यावर झाकण ठेवलेलं. मी टॉर्च घेऊन जागी. मोठी आई दर खेपेला पायरीशी थांबायची, माझा दंड धरायची आणि "जाय वं तू, नीज," म्हणायची, पण दंड सोडायची नाही. चव कशी आहे विचारलं तर म्हणाली, समुद्राची. मुंबईतले ते महिने सोडले तर तिने समुद्र पाहिलेला नाही, आणि त्या महिन्यांबद्दल ती कधी बोलत नाही. मी पुढे काही विचारलं नाही. पहाटेपर्यंत जे पडत होतं ते नितळ पिवळं पाणी झालं. कागदावर तेच लिहिलं होतं, म्हणून मी खूश झाले. दुसऱ्याच्या पोटाचं इतकं सुख मला आधी कधी झालं नव्हतं.

सकाळी दगडी पुलावरून नदीपल्याड. मोर्णेत जलकुंभी पुन्हा दाटली होती. 2018च्या जानेवारीत गावाने नदीत उतरून ती उपसली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं, आणि आम्ही सगळे महिनाभर ताठ मानेने फिरलो. आता पुन्हा हिरवं. रिक्षावाल्याने नाकाला रुमाल लावून पूल ओलांडला.

सेंटरवर नर्सने आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायला सांगितलं. मंगळसूत्र मोठे बाबा गेल्यापासून नव्हतंच. पाटल्या निघाल्या. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा मोठ्या आईने काढला आणि माझ्या हातात दिला. शेजारी सून उभी होती. ही गोष्ट पुढे घरात बरीच गाजली.

मग डाव्या कुशीवर निजवून बोटभर जाडीची मऊ रबरी नळी, जेमतेम आत. तिच्यातून कार्बन डायऑक्साइड हळूहळू सोडतात, कारण आतडं नुसतं मोकळं असून भागत नाही, ते फुगून उघडावं लागतं, नाहीतर दोन भिंती एकमेकींना चिकटून राहतात आणि मधलं काही दिसत नाही. साध्या हवेपेक्षा हा वायू शरीर लवकर शोषून घेतं, म्हणून नंतरचा फुगारा फार वेळ राहत नाही. आतडं आकसू नये म्हणून एक इंजेक्शन. पोटात कळ आली की सांगा, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मोठ्या आईने डोळे मिटून ओठ हलवायला सुरुवात केली होती. उताणं निजवून एकदा, श्वास रोखून. मग पालथं निजवून पुन्हा एकदा. संपलं. नेहमीच्या पोटाच्या सीटीपेक्षा किरणांची मात्राही कमी ठेवतात. टेबलावरून उतरल्यावर तिने विचारलं, "झालं?" आणि मग, जरा फसवणूक झाल्याच्या सुरात, "एवढंच?"

खरं काम त्यानंतर सुरू होतं. डॉक्टरबाई बाजूच्या अंधाऱ्या खोलीत बसून हजारो चकत्या बघतात, आणि त्या माझ्या विद्यार्थिनीची आई निघाल्याने मला शेजारची खुर्ची मिळाली. पडद्यावर तीन चौकटी राखाडी, चौथी संगणकाने गुलाबी रंगवलेली. त्या चौथीत आपण आतड्याच्या आत असतो. सुमारे दीड मीटरचं ते आतडं. भिंतींतून एकामागून एक घड्या पुढे आलेल्या, चकचकीत, भिजलेल्या मातीच्या रंगाच्या. आडव्या भागात पोकळी चक्क त्रिकोणी होते. तीन स्नायूपट्ट्या लांबीने धावतात आणि भिंत तीन बाजूंनी ओढून धरतात म्हणून. हे आतून इतकं नेटकं असेल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टरबाई उजवीकडच्या टोकापर्यंत, म्हणजे अपेंडिक्सपर्यंत गेल्या आणि तिथून उलट्या निघाल्या.

"परत तेच बघायचं?" मी विचारलं.

"तेच नसतं," त्या म्हणाल्या.

जुन्या शहरात वाढलेल्याला हे समजायला वेळ लागू नये. अगरवेशीकडून बोळात शिरलं की भिंत पुढे येते, वळते, पुन्हा पुढे येते; तिच्या आडोशाला बसलेला शिंपी जाताना दिसत नाही, परत येताना तोच आधी दिसतो, चष्म्यावरून बघत. आतड्यात घडीच्या मागच्या अंगाला कोंब असला तर एका दिशेने जाणाऱ्याला तो चुकतो. 2003 साली अमेरिकेत पेरी पिकहार्ट यांनी काहीच तक्रार नसलेल्या 1,233 लोकांच्या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी केल्या: एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे कोंब सीटीने 93.8 टक्के वेळा पकडले, दुर्बिणीने पहिल्या फेरीत 87.5 टक्के वेळा. दुर्बिणीला चुकलेले कोंब कुठे होते हे त्यांनी पुढे तपासलं, तर बहुतेक घड्यांच्या मागच्या बाजूला. हे आकडे ऐकून दुर्बिणीला नावं ठेवायची घाई मी केली असती, पण डॉक्टरबाईंनी लगेच सांगितलं की चपटे कोंब सीटीलाही हुलकावणी देतात, बघणाऱ्याचा डोळा तयार नसेल तर ही सगळी आकडेवारी कोसळते, आणि मुख्य म्हणजे दुर्बिणीला हात आहेत. दिसलं की तिथल्या तिथे कापता येतं, तुकडा तपासायला काढता येतो. सीटी नुसतं बघू शकतं.

चढत्या भागात एका घडीच्या पाठीवर त्या थांबल्या. लहानसा उंचवटा. मला तो उरलेल्या मळाचा खडा वाटला. त्यांनी राखाडी चौकट मोठी केली. मळाचा खडा असता तर आयोडीनमुळे पांढरा दिसला असता, आत हवेचे काळे ठिपके असते. हा सगळीकडून एकसारखा राखाडी. मग त्यांनी दुसरा स्कॅन उघडला, पालथ्या स्थितीतला. माणूस उलटा झाला की पाणी आणि खडे खालच्या बाजूला घसरतात. उताण्या चित्रात जे पांढरं तळं एका भिंतीला साचलं होतं ते आता समोरच्या भिंतीला. उंचवटा मात्र होता तिथेच. त्यांनी दोन टोकांना दोन खुणा ठेवल्या, मध्ये रेघ ओढली. 7 मिलिमीटर.

अस्तरावर एकदोन ठिकाणी आणखी बारीक टेंगळं मला दिसली, मी बोट दाखवलं. पाच मिलिमीटरच्या आतलं आम्ही लिहीतच नाही, त्या म्हणाल्या. त्यात धोका इतका थोडा असतो आणि मागे लागलं तर माणसाची फरफट इतकी होते, की न लिहिण्याचंच ठरलेलं आहे. मला हे ऐकून धक्का बसला. दिसतंय आणि लिहायचं नाही? माझा जन्म वह्या तपासण्यात गेला, मी अनुस्वारही सोडत नाही. पण जसजसा विचार करत गेले तसतसं मला ते या सगळ्या विद्येतलं सर्वांत अवघड काम वाटायला लागलं. नजर एवढी बारीक करत आणायची की गव्हाच्या दाण्याहून लहान गोष्ट कातडीबाहेरून दिसावी, आणि मग तिच्यावरून पुढे जायचं.

सहा ते नऊ मिलिमीटरमधल्यांचं काय करायचं, हा मधला प्रश्न. एक सेंटिमीटर झाला की काढाच म्हणतात. या मधल्यांना एक तर काढायचं, नाहीतर तीन वर्षांनी पुन्हा सीटी करून बघायचं. पिकहार्ट यांच्याच गटाने असे 306 कोंब न कापता ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि 2013 साली ते छापलं: सुमारे 22 टक्के वाढले, निम्मे होते तेवढेच राहिले, उरलेले लहान झाले. काही दिसेनासेच झाले. हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. शरीर आत काय काय मांडतं आणि आपल्याला न विचारता मोडूनही टाकतं!

पण ज्या घरातून एक माणूस न बघितल्यामुळे गेला आहे, त्या घराला 'आहे, पण राहू द्या' हे कसं पचायचं? चुलतभाऊ म्हणाला, नागपूरला न्या, मोठा डॉक्टर गाठा, काढून टाका, डोक्याचा ताप नको. सून गप्प. मी कागद पुढे केला: वय, चिकटे, एकदा अडलेली दुर्बीण, हिमोग्लोबिनचं कारण आधीच सापडलेलं. मोठ्या बाबांच्या वेळी कोणी पाहिलं नव्हतं. इथे पाहिलंय, मोजलंय, जागा माहीत आहे. न बघणं आणि बघून थांबणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, असं मी तावातावाने बोलत असताना मोठी आई ताटातले तांदूळ निवडत होती.

"तीन वर्साने म्हणते डॉक्टरीन?"

"हो."

"तवा मी सत्त्याहत्तर. रायली तं पाहू. आन् तवा वाढेल असंल तं काढू. आता मले भाकर देता काय कोणी?"

सीटीला मोठं आतडंच दिसतं असं नाही, आजूबाजूचं सगळंच येतं. रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ होती: पित्ताशयात दोन खडे. त्रास नसेल तर काही करायचं नाही. मोठ्या आईला ही ओळ फार भावली. पित्ताशयातला खडा हा सांगण्यासारखा आजार आहे. त्यात झाकण्यासारखं काही नाही. आठवड्याभरात पूर्ण बोळाला खडे ठाऊक झाले. पुढच्या घरातल्या काकू बघायला आल्या, कोणी तरी कुळथाचं कढण आणून दिलं (त्याचा पित्ताच्या खड्याशी संबंध नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं), आणि मोठी आई हातवारे करून मशीन कसं गोल असतं, आत बाई मराठीत 'श्वास रोखा' कशी म्हणते, याचं वर्णन करू लागली. कोंबाचं नाव कुठे आलं नाही. नळीचं नावही आलं नाही. पण उताणं-पालथं निजवल्याचं आलं, जुलाबाचं थोडंसं आलं, आणि ऐकणाऱ्या बायकांमधल्या एकीने ते बरोबर टिपलं.

ती मागच्या बोळातली. नवरा ऑटो चालवतो. संध्याकाळी मी निघाले तर ती चपला घालायच्या निमित्ताने माझ्या मागे ओट्याखाली उतरली.

"ताई, खड्यासाठी का कोणी जुलाब देते?"

मी थांबले. नाही देत, म्हटलं.

तिने मग नवऱ्याचं सांगितलं. दिवाळीपासून पडतंय. आधी थेंब होते, आता जास्त. ऑटोची सीट कडक आहे म्हणून होतं, असं तो म्हणतो. वजनही उतरलंय. हे मोठ्या आईचं मशीन त्याला चालेल काय, किती पैसे लागतात, तिथे बाईच असते का पुरुष डॉक्टरही असतो.

मशीन त्याला नको, मी म्हटलं. रक्त जात असलेल्या माणसाला सरळ दुर्बीणच हवी, कारण काही दिसलंच तर तुकडा काढावा लागेल आणि तो सीटीला काढता येत नाही. त्यासाठी सरकारी सर्वोपचार रुग्णालयाची सर्जरीची ओपीडी. सकाळी लवकर गेलं की नंबर लागतो. ती म्हणाली, तो यायचा नाही, कॅन्सरचं नाव काढलं तर उठून जाईल. आम्ही दोघी ओट्याच्या कडेला बसलो आणि बराच वेळ खल केला. शेवटी ठरलं की त्याला मूळव्याधीचा डॉक्टर दाखवायला नेतोय असं सांगायचं. मूळव्याधीला तो तयार होईल, ती म्हणाली. गॅरेजवरच्या चौघांना तीच आहे.